स्वतःचंच गाणं चोरल्याची केस: जॉन फोगर्टी आणि फॅन्टसी रेकॉर्ड्स

दुसऱ्याची चाल ढापली म्हणून संगीतकारावर केस होते यात नवीन काही नाही, अधूनमधून कुठेतरी होतच असते, पण १९८५ साली अमेरिकेत एक केस लागली जिच्यात आरोप असा होता की जॉन फोगर्टीने जॉन फोगर्टीची चाल ढापली. म्हणजे चोर पण तोच आणि ज्याचं चोरीला गेलं तो पण, निदान तुमच्याआमच्या हिशोबाने, तोच. कायद्याच्या हिशोबाने मात्र जुनं गाणं त्याचं नव्हतंच, ते कंपनीचं होतं. ही केस बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते, दोन ओळीत उरकून, हसून पुढे. मला तिच्यात गंमत कमी दिसते. गाणं विकलं म्हणजे नक्की काय विकलं, आणि काय विकलं नव्हतं हे नंतर सिद्ध करायचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे तिच्यात जेवढं उघडं पडलंय तेवढं दुसरीकडे क्वचित दिसेल. आणि केस गाजली गाण्यावरून, पण सुप्रीम कोर्टापर्यंत गेली ती वकिलांच्या फीवरून, हा भाग तर कोणी सांगतच नाही.

आधी माणूस कोण ते बघू. जॉन फोगर्टी, जन्म १९४५, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा, वाढला तिथल्याच एल सेरिटो गावात. थोरला भाऊ टॉम गिटारवर, शाळेतले दोन मित्र म्हणजे बेसवर स्टू कुक आणि ड्रम्सवर डग क्लिफर्ड, असा चौघांचा बँड. आधी नाव वेगळं होतं, मग रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या गळ्यात 'गॉलिवॉग्ज' असं एक भयाण नाव मारलं जे पोरांना अजिबात आवडत नव्हतं, आणि शेवटी ते झाले क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, थोडक्यात सीसीआर. पहिला अल्बम १९६८ ला, मग १९६९ या एकाच वर्षात तीन अल्बम, हो, एका वर्षात तीन, आणि भरतीचे अल्बम नाहीत हं, 'प्राउड मेरी', 'बॅड मून रायझिंग', 'ग्रीन रिव्हर', 'फॉर्च्युनेट सन' हे सगळं त्या एका वर्षातलं. बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य चार्टवर त्यांची पाच सिंगल्स, म्हणजे अल्बमशिवाय सुटी काढलेली गाणी, दोन नंबरला जाऊन अडकली आणि एक नंबर कधीच मिळाला नाही, हा विक्रम कोणाला नको असेल पण आहे त्यांच्या नावावर. वुडस्टॉकच्या त्या प्रसिद्ध संगीत महोत्सवात पण ते वाजवून आले, मध्यरात्र उलटून गेल्यावर, प्रेक्षक अर्धे झोपलेले, आणि जॉनने नंतर आपला भाग महोत्सवावरच्या पिक्चरमध्ये घ्यायला परवानगीच दिली नाही. या माणसाचा हेका किती पक्का होता ते इथेच लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बँड चौघांचा असला तरी शब्द जॉनचे, चाली जॉनच्या, आवाज जॉनचा, लीड गिटार जॉनची, स्टुडिओत काय कसं वाजवायचं हे ठरवणार पण जॉनच. आणि त्याची एक स्टाइल होती. लुइझियानातल्या दलदली, बायू, रात्रीचं जंगल, भुतंखेतं असलं सगळं त्याच्या गाण्यात यायचं, आणि पठ्ठ्या वाढला होता सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या काठावर. दक्षिणेकडचा ब्लूज आणि जुना रॉक अँड रोल रेडिओवर ऐकून ऐकून त्याने डोक्यात एक प्रदेश तयार केला होता. एकाच कॉर्डवर, म्हणजे सुरांच्या एकाच गुच्छावर, बराच वेळ घुटमळणारी गिटार, तिला उत्तर देणारा फाटका करडा आवाज, खाली सरळसोट चालणारा ताल. याला लोक 'स्वॉम्प रॉक' म्हणायला लागले. हे एवढं तपशिलात सांगतोय कारण पुढे कोर्टात भांडण नेमकं यावरच झालं.

आता ते जुनं गाणं. 'रन थ्रू द जंगल', १९७० चं, 'अप अराउंड द बेंड' या सिंगलच्या मागच्या बाजूला आलं आणि मग 'कॉस्मोज फॅक्टरी' अल्बममध्ये. जवळजवळ सगळं गाणं एकाच कॉर्डवर उभं आहे. तो काळ व्हिएतनामचा, जॉन स्वतः आर्मी रिझर्व्हमध्ये राहून आलेला, त्यामुळे जंगल म्हणजे व्हिएतनामच असं सगळ्यांनी धरून चाललं, पण जॉनने नंतर सांगितलं की गाणं अमेरिकेत घरोघरी असलेल्या बंदुकांवर आहे. असो. गाण्याचा अर्थ काय हा प्रश्न केसमध्ये नव्हताच, गाणं कोणाच्या मालकीचं हा होता.

तर मालक. फॅन्टसी रेकॉर्ड्स ही १९४९ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली छोटी कंपनी, मुळात जॅझवाली, डेव्ह ब्रुबेकची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज त्यांचीच. तिथे १९५५ मध्ये सॉल झेंट्स नावाचा माणूस सेल्समध्ये लागला आणि १९६७ मध्ये त्यानेच काही पार्टनर घेऊन कंपनी विकत घेतली. सीसीआरचं यश म्हणजे या छोट्या कंपनीसाठी लॉटरी होती. झेंट्स पुढे पिक्चर काढायला लागला आणि साधेसुधे नाही, 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट', 'अमाडेयस' आणि 'द इंग्लिश पेशंट', तिन्हीला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर. तेव्हा समोरचा माणूस कोणी फडतूस दलाल नव्हता हे पण मान्य करू, सिनेमाच्या लोकांना तो मोठा निर्माता म्हणून माहीत आहे आणि फोगर्टीच्या चाहत्यांना खलनायक म्हणून.

कॉन्ट्रॅक्टवर सह्या केल्या तेव्हा पोरं विशीत होती. जॉन पुढे आयुष्यभर सांगत आला की यश मिळालं की हे कॉन्ट्रॅक्ट फाडून नवीन चांगलं करू असा शब्द झेंट्सने दिला होता आणि पाळला नाही. तोंडी शब्दाची किंमत किती ते आपल्याला ठाऊक आहेच. कागदावर होतं ते असं की रेकॉर्डिंग कंपनीचं, गाण्याचं पब्लिशिंग पण कंपनीकडे, आणि जॉनला रॉयल्टीचा ठराविक वाटा. हे दोन वेगळे हक्क नीट समजून घ्या नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. एक असतो मास्टर, म्हणजे स्टुडिओत झालेलं ते विशिष्ट रेकॉर्डिंग. दुसरं असतं गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, कोणीही गायलं तरी, याच्याच हक्काला पब्लिशिंग म्हणतात. टीना टर्नरने 'प्राउड मेरी' गायलं तर तिथे सीसीआरच्या मास्टरचा काही संबंध नाही, पण गाणं तेच असल्यामुळे गाण्याच्या मालकाला पैसे जातात. जॉनच्या बाबतीत दोन्ही मालक कंपनीवालेच.

१९७१ च्या सुरुवातीला टॉम बँड सोडून गेला, १९७२ ला बँडच फुटला, आणि कंपनीने बाकीच्यांना मोकळं केलं पण जॉनला नाही, कारण गाणी येणार होती ती त्याच्याकडूनच, कंपनीला ठराविक रेकॉर्डिंग्ज देणं अजून बाकी होतं. त्यातच टॅक्स वाचवायला म्हणून बँडचे पैसे बहामामधल्या एका बँकेत ठेवले गेले होते आणि ती बँक बुडाली, म्हणजे सगळ्यात जास्त कमाईच्या वर्षांची कमाई गेली. जॉनने मग डेव्हिड गेफनच्या असायलम लेबलकडे जाऊन १९७५ ला एक सोलो अल्बम काढला, त्यातलं 'रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड' पुढे इंग्लंडच्या स्टेटस को बँडने उचललं आणि गाजवलं, ते गाणं त्यांचंच आहे असं अजून निम्म्या जगाला वाटतं. त्यानंतरचा अल्बम बाहेरच आला नाही. आणि फॅन्टसीच्या तावडीतून पूर्ण सुटायची किंमत म्हणून जॉनने शेवटी सीसीआरच्या गाण्यांवरची स्वतःची रॉयल्टी पण सोडून दिली. म्हणजे गाणी आधीच विकलेली, आता त्यातला वाटा पण गेला.

मला विचाराल तर सगळ्या कहाणीतली सगळ्यात महागडी सही हीच. १९६८ ची सही अज्ञानातली होती, ती समजू शकतो, ही दुसरी रागातली होती. इथे एक आठवण करून देतो, आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते, आणि तेव्हापासून पिक्चरच्या किंवा रेकॉर्डिंगच्या गाण्याचा गीतकार किंवा संगीतकार आपल्या रॉयल्टीच्या वाट्यावर पाणी सोडतो असं लिहून देऊच शकत नाही, दिलं तरी त्याला अर्थ नाही. जॉनला असलं काही संरक्षण नव्हतं.

मग जवळपास नऊ वर्षं काही नाही. अल्बम नाही. जुनी गाणी स्टेजवर पण गायची नाहीत, कारण आपण गायलो की त्याचे पैसे झेंट्सच्या कंपनीला जाणार, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. हिशोब बघितला तर या हट्टाने झेंट्सचं फारसं काही बिघडत नव्हतं, रेडिओवर गाणी चालूच होती, उपाशी राहिला तो जॉन आणि त्याचे श्रोते. पण दुखावलेला माणूस हिशोब करत बसत नाही.

१९८५ च्या जानेवारीत 'सेंटरफील्ड' आला, वॉर्नर ब्रदर्सच्या लेबलवर. सगळी वाद्यं जॉनने एकट्याने वाजवलेली, एकावर एक ट्रॅक चढवून. अल्बम एक नंबरला गेला. पहिलंच गाणं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड', टॉप टेनमध्ये पोचलं, आणि ऐकल्याक्षणी कोणालाही कळावं की हा तोच माणूस, तीच गिटार, तोच आवाज.

पण अल्बममध्ये अजून दोन गाणी होती. एक 'मिस्टर ग्रीड', नावावरूनच काय ते समजा. आणि शेवटचं होतं 'झँझ कान्ट डान्स', ज्यात एक डुक्कर आहे, त्याला नाचता येत नाही पण तुमचं पाकीट मात्र मारतं. झेंट्स आणि झँझ. आता याला हात दाखवून अवलक्षण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं! ज्याच्याशी वर्षानुवर्षं भांडण आहे, ज्याच्याकडे पैसा आहे, वकील आहेत, आणि तुमच्या प्रत्येक जुन्या गाण्याचा हक्क आहे, त्याच्या नावाने डुकराचं गाणं काढायचं. झेंट्सने बदनामीचा दावा ठोकला, मागणी १४ कोटी ४० लाख डॉलरची. नंतरच्या प्रतींवर 'झँझ' चं 'व्हँझ' करून टाकलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता, आणि तो दावा शेवटी कोर्टाबाहेर मिटवावा लागला.

त्याच वर्षी फॅन्टसीने दुसरी केस टाकली, कॉपीराइटची. म्हणणं असं की 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' म्हणजे 'रन थ्रू द जंगल' चीच चाल, शब्द बदलून. जॉन, वॉर्नर आणि संबंधित कंपन्या, सगळ्यांना पार्टी केलं. डुकराच्या गाण्याशिवाय ही केस झाली असती का? माझं मत विचाराल तर नाही. निव्वळ पैशासाठी बघितलं तर फॅन्टसीला जॉन पुन्हा हिट झाला यात फायदाच होता, नवीन अल्बम गाजला की लोक जुने पण विकत घेतात. पण कोर्टाने मात्र पुढे असं मानलं नाही की केस दुष्ट हेतूने टाकली होती, हे पण प्रामाणिकपणे सांगायला हवं, आणि पुढची सगळी भानगड यातूनच झाली.

कायद्यात हा दावा दिसतो तेवढा वेडगळ नाही. कॉपी सिद्ध करायला साधारण दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे समोरच्याने मूळ कृती ऐकलेली असणं आणि दुसरं म्हणजे दोन्हीत भरीव साम्य असणं. पहिल्या मुद्द्यावर नेहमी किती कीस पडतो, आमच्या अशिलाने ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं वगैरे. इथे तो बचावच शक्य नव्हता, स्वतः लिहिलेलं गाणं मी ऐकलं नव्हतं असं कोण म्हणणार. आणि विकलेल्या गाण्याची कॉपी मूळ लेखकाने केली तरी ती कॉपीच. हे कानाला विचित्र लागतं पण त्यात तर्क आहे, नाहीतर कोणीही गाणं विकून पैसे घेईल आणि दुसऱ्या दिवशी दोन शब्द फिरवून तेच दुसऱ्याला विकेल. म्हणजे सगळं येऊन थांबलं साम्यावर. आणि साम्य तर होतंच! दोन्हीत ती एका कॉर्डवर घुटमळणारी गिटार, तोच अंधारा मूड, तोच आवाज. फक्त प्रश्न असा की हे साम्य गाण्याचं की माणसाचं.

कोल्हापुरात एखाद्याने आपलं मिसळीचं दुकान नावासकट विकलं आणि चार वर्षांनी दुसऱ्या गल्लीत नवीन दुकान टाकलं, तर त्याच्या तर्रीला जुन्या तर्रीची चव येणारच, हात तोच आहे. नवीन मालक म्हणू शकतो की पाटी माझी, जागा माझी, पण तुझ्या हाताला चव येऊ देऊ नकोस असं कसं म्हणणार? जॉनच्या बाजूचा मुद्दा साधारण हाच. माणसाने पुढच्या आयुष्यात स्वतःच्याच स्टाइलमध्ये लिहायचं की नाही, की प्रत्येक वेळी आधी बघायचं की हे माझ्याच कुठल्यातरी विकलेल्या गाण्यासारखं तर होत नाहीये ना.

खटला १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात ज्युरीसमोर चालला आणि तिथे तो प्रसिद्ध प्रसंग झाला, जॉन साक्षीला उभा राहिला तो गिटार घेऊन. दोन्ही गाणी वाजवून दाखवली, आपण गाणं कसं बांधतो, एखादा तुकडा कुठून सुचतो, ब्लूजमधून काय आलं, कुठलं वळण आपल्या बोटांना सवयीचं आहे आणि कुठे चाल वेगळी जाते, हे ज्युरीला प्रात्यक्षिक करून सांगितलं. संगीताच्या केसमध्ये एरवी तज्ज्ञ येतात, स्वरलिपीचे तक्ते लावतात, ज्युरीतल्या माणसांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. इथे स्वतः बनवणारा बसून बनवून दाखवत होता. ज्युरीने निकाल जॉनच्या बाजूने दिला.

इथे गोष्ट संपते असं सगळे समजतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. जिंकला, पण जिंकायला लागलेला खर्च? जॉनने वकिलांवर दहा लाख डॉलरच्या वर घालवले होते. अमेरिकेत साधारण नियम असा की ज्याने त्याने आपापल्या वकिलाचे पैसे द्यायचे, हरो की जिंको. इंग्लंडमध्ये उलटं आहे, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आपल्याकडे पण तत्त्व ते इंग्लंडवालंच, प्रत्यक्षात कोर्ट किती खर्च मिळवून देतं ते सोडून द्या. पण अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५०५ आहे, त्यानुसार कोर्ट जिंकणाऱ्या पक्षाला वकिलाची वाजवी फी मिळवून देऊ शकतं. जॉन म्हणाला मी जिंकलो, द्या. कोर्ट म्हणालं नाही.

कारण त्या भागातलं अपील कोर्ट, म्हणजे नाइन्थ सर्किट, या कलमाला दोन मापं लावत होतं. केस करणारा जिंकला तर त्याला फी जवळपास आपोआप. ज्याच्यावर केस झाली तो जिंकला तर मात्र त्याने आधी सिद्ध करायचं की केस फालतू होती किंवा खोडसाळपणे टाकली होती. आणि वर सांगितलंच, साम्य तर कानाला ऐकू येत होतं, मग केस अगदीच फालतू होती असं कोर्ट म्हणेना. म्हणजे जॉनची अवस्था अशी की तू चोर नाहीस, बरोबर, पण तुला चोर म्हणणाऱ्याचं पण अगदीच चुकलं नव्हतं, तेव्हा खर्च तुझा तूच सोस. १९९३ मध्ये नाइन्थ सर्किटने पण हेच कायम केलं.

आता याचा परिणाम काय होतो ते एखाद्या छोट्या कलाकाराच्या जागी बसून बघा. मोठ्या कंपनीने नोटीस पाठवली. तुम्ही हरलात तर नुकसानभरपाई अधिक त्यांच्या वकिलांचे पैसे. जिंकलात तर स्वतःच्या वकिलांचे पैसे. म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच बुडणार, मग भीक नको पण कुत्रं आवर म्हणून नव्वद टक्के माणूस गाणं मागे घेईल किंवा निम्मे हक्क लिहून देईल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्यात रेकॉर्ड कंपन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये साधारणपणे असं कलम असतंच की गाण्यावरून काही लफडं झालं तर त्याची जबाबदारी कलाकाराची.

जॉनने सोडलं नाही. वुडस्टॉकचा हेका आठवला का? प्रकरण वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १ मार्च १९९४ ला निकाल आला, 'फोगर्टी विरुद्ध फॅन्टसी'. निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचं, आणि नऊच्या नऊ न्यायाधीश जॉनच्या बाजूने, फक्त न्यायमूर्ती थॉमस यांनी आपली कारणं वेगळी लिहिली. निकाल असा की कलम ५०५ मध्ये 'जिंकणारा पक्ष' एवढंच लिहिलंय, त्यात केस करणारा आणि केस झालेला असा भेद नाही, तेव्हा दोघांना एकच माप.

फॅन्टसीचा युक्तिवाद होता की नागरी हक्कांच्या केसमध्ये जसं दाद मागणाऱ्याला झुकतं माप मिळतं तसं इथे पण हवं. कोर्टाने ते उडवून लावलं, आणि कारण वाचण्यासारखं आहे, की कॉपीराइटच्या केसमध्ये केस करणारा उपाशी कलाकार असू शकतो आणि अवाढव्य कंपनी पण असू शकते, आणि बचाव करणाऱ्याचं पण तसंच, कोण बिचारा आहे हे आधीच धरून चालता येत नाही. पण मला जास्त आवडलेला भाग पुढचा आहे. कोर्ट म्हणतं की कॉपीराइटचा अंतिम उद्देश लोकांना जास्तीत जास्त नवीन कृती मिळाव्यात हा आहे, आणि म्हणून जो माणूस चुकीच्या आरोपाविरुद्ध शेवटपर्यंत लढतो तो कायद्याचंच काम करतो, कारण त्याने लढून वाचवलेलं गाणं लोकांपुढे राहतं आणि त्यातून पुढे कोणाला तरी काही सुचतं. म्हणजे 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' वाचवणं हे जॉनचं खाजगी काम राहिलं नाही, ते सगळ्यांचं काम झालं. स्वतःच्या बचावाला उभ्या राहिलेल्या माणसाला एवढा मान कायद्यात सहसा मिळत नाही.

जॉनने मागितलं होतं ते सगळंच मात्र मिळालं नाही. त्याचं म्हणणं होतं की इंग्लंडसारखं करा, जिंकला की फी आपोआप. कोर्टाने ते पण नाकारलं. फी द्यायची की नाही हे खालच्या कोर्टाने प्रत्येक केस बघून ठरवायचं, दावा फालतू होता का, हेतू काय होता, मुद्द्यात दम होता का, भरपाईची आणि असल्या केसेसना आळा घालायची गरज आहे का, असं सगळं बघून, पण दोन्ही बाजूंना सारखंच. मग केस परत खाली गेली, खालच्या कोर्टाने या वेळी जॉनला १३,४७,५१९ डॉलर मंजूर केले, फॅन्टसीने पुन्हा अपील केलं की आमची काही चूकच नव्हती तर दंड कशाला, आणि १९९६ मध्ये नाइन्थ सर्किटने सांगितलं की चूक असायलाच पाहिजे असं काही नाही. १९८५ ला सुरू झालेलं प्रकरण १९९६ ला थांबलं. हा निकाल अजून जिवंत आहे बरं का, २०१६ मध्ये कर्टसेंग नावाच्या पुस्तकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट पुन्हा फीच्या प्रश्नाकडे आलं तेव्हा सुरुवात याच निकालापासून केली.

जॉन वेगळं काय करू शकला असता? डुकराचं गाणं गाळणं, हे तर उघड आहे. पण कोर्टातली खरी ताकद त्याच्याकडे वकिलांमुळे आली असं मला वाटत नाही, ती आली 'सेंटरफील्ड' विकला गेल्यामुळे. एक नंबरचा अल्बम हातात नसता तर दहा लाख डॉलर आणायचे कुठून? हाच मुद्दा घेऊन कोणी तरी बारमध्ये गाणारा, दोन सिंगल काढलेला पोरगा उभा राहिला असता तर फीचा प्रश्न सुप्रीम कोर्टात पोचलाच नसता, तो नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी मिटला असता. म्हणून हा निकाल गरीब कलाकारांचा विजय वगैरे म्हणून जो साजरा होतो त्यात मी फार सामील होत नाही. फी मिळते ती सगळं संपल्यावर, तेपण कोर्टाच्या मर्जीवर, आणि इथे तर पहिल्या नोटिशीपासून दहा वर्षांच्या वर लागली. तोपर्यंत टिकायला खिसा पाहिजेच. मात्र मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना आता केस टाकण्याआधी एक जास्तीचा विचार करावा लागतो, एवढा फरक नक्की पडला.

या दरम्यान त्याचा जुन्या गाण्यांवरचा बहिष्कार पण सुटला होता. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबात बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन बरोबर असताना डिलनने त्याला सुनावलं की तू 'प्राउड मेरी' गायला नाहीस तर लोक समजतील ते टीना टर्नरचंच आहे. त्याच वर्षी ४ जुलैला वॉशिंग्टनजवळ व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने जुनी गाणी गायली. बँडच्या लोकांशी मात्र कधी जमलं नाही. टॉम १९९० मध्ये गेला, भावाभावांत समेट झाला नाही. १९९३ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सीसीआरचा सन्मान झाला तेव्हा कुक आणि क्लिफर्ड समोर असताना जॉन दुसऱ्याच लोकांबरोबर वाजवायला उभा राहिला, आणि पुढे बँडच्या नावावरून त्यांच्यातच कोर्टबाजी झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, काय करणार.

फॅन्टसी २००४ मध्ये कॉन्कॉर्ड कंपनीने विकत घेतली आणि नवीन मालकांनी पहिल्या काही कामांत जॉनची सोडलेली रॉयल्टी परत सुरू केली. कोर्टात वर्षानुवर्षं जे मिळालं नाही ते मालक बदलल्यावर एका व्यावसायिक निर्णयात मिळालं, आणि जॉन त्याच लेबलवर परत गेला. झेंट्स २०१४ मध्ये वारला. मग २०२३ च्या जानेवारीत बातमी आली की सीसीआरच्या गाण्यांच्या जगभरच्या पब्लिशिंगमधला बहुतांश वाटा जॉनने कॉन्कॉर्डकडून विकत घेतला. वेळ पण बघण्यासारखी आहे, अमेरिकन कायद्यात १९७८ च्या आधीच्या गाण्याचा हक्क मूळ लेखकाला ५६ वर्षांनी, फक्त अमेरिकेपुरता, परत मागता येतो, म्हणजे १९६८ च्या गाण्यांची पाळी २०२४ पासून लागणार होती आणि 'रन थ्रू द जंगल' ची २०२६ ला. कंपनीने एक एक गाणं हातातून जाताना बघत बसायचं की आत्ताच सौदा करून मोकळं व्हायचं, असा तो हिशोब असावा असं मला वाटतं. काही का असेना, ज्या गाण्याची चोरी केली म्हणून त्याच्यावर केस झाली त्यात मोठा मालक आता तोच आहे.

मास्टर्स मात्र अजून कॉन्कॉर्डकडेच. त्यावर त्याने २०२५ मध्ये ऐंशी वर्षांचा असताना जुनी गाणी मुलांना बरोबर घेऊन पुन्हा रेकॉर्ड केली, प्रत्येक गाण्यापुढे 'जॉन्स व्हर्जन' असं लिहून, आणि गंमत म्हणजे तो अल्बम काढला कॉन्कॉर्डनेच. आवाज वयाच्या मानाने थक्क करणारा आहे, वाजवलंय पण चोख. मी मात्र 'रन थ्रू द जंगल' ऐकायचं झालं तर अजून १९७० चंच लावतो.